वर्कस्टेशनसाठी फास्ट एसएसडी: आधी स्लॉट बघा, मग ड्राइव्ह घ्या

सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो, "सगळ्यात फास्ट एसएसडी कुठली?" उत्तर मिळतं, ड्राइव्ह येतो, आणि मग कळतं की तो निम्म्याच स्पीडने चालतोय, नाहीतर तो लावल्यापासून जुन्या दोन हार्ड डिस्क दिसेनाशा झाल्या, नाहीतर क्लोन केला, म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवली, पण बूटच होत नाही. यातल्या बहुतेक वेळी ड्राइव्हचा काहीच दोष नसतो. क्रम उलटा झालेला असतो. ड्राइव्ह शेवटी निवडायचा असतो, आधी काम बघायचं, मग मशीन, मग स्लॉट. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, कृपा करून मधली पायरी गाळू नका, विशेषतः दुसरी आणि तिसरी, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

१. आधी बघा, काम नक्की कुठे अडतंय

रोजचं जे जड काम आहे ते सुरू करा, म्हणजे रेंडर, मोठा प्रोजेक्ट उघडणं, कोड कम्पाइल, डेटाबेस क्वेरी, जे काही असेल ते, आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅबवर बसा. पाच-दहा मिनिटं नीट बघा. डिस्कचा अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांना चिकटलाय, रिस्पॉन्स टाइम वाढलाय आणि सीपीयू मात्र निवांत आहे, असं दिसलं तर अडचण खरंच डिस्कची आहे. सीपीयू किंवा ग्राफिक्स कार्ड फुल चाललंय आणि डिस्क नुसती बसलीये, तर जगातली सगळ्यात फास्ट एसएसडी लावली तरी रेंडरला तेवढाच वेळ लागणार.

तिसरी शक्यता लोक हमखास विसरतात. रॅम भरलेली असली की सिस्टिम रॅममधला डेटा डिस्कवर टाकत राहते (याला पेजिंग म्हणतात) आणि डिस्क १०० टक्के दिसते, म्हणजे दिसते डिस्क पण दुखणं रॅमचं. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर आधी रॅम वाढवा.

आता थोडा हिशोब करू, कारण हिशोबाशिवाय "मला फास्ट पाहिजे" याला काही अर्थ नाही. यूएचडी ४के, सेकंदाला २४ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटिंगसाठीचा व्हिडिओ फॉरमॅट) असं फुटेज असेल तर त्याचा बिटरेट साधारण ७०० मेगाबिट असतो, म्हणजे सेकंदाला ८८ मेगाबाइट. असे तीन ट्रॅक एकदम चालवले तरी २६५ च्या आसपास. साधी साटा एसएसडी, म्हणजे जुन्या, हळू जोडणीची, ५५० देते! म्हणजे टाइमलाइन अडखळत असेल तर कारण बहुतेक डिकोडिंगचं किंवा इफेक्ट्सचं आहे. याउलट कॉम्प्रेस न केलेले ४के ईएक्सआर सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी इमेज फाइल) घ्या, ४०९६ बाय २१६०, १६ बिट, तीन चॅनेल, एक फ्रेम साधारण ५३ मेगाबाइटची होते आणि २४ फ्रेमला सेकंदाला सव्वा गिगाबाइटच्या वर जाते. इथे साटा कामाचीच नाही, इथे एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी, लागतेच.

बूट होणं, सॉफ्टवेअर उघडणं, हजारो छोट्या फाइलींचा प्रोजेक्ट लोड होणं, याचा बॉक्सवरच्या ७००० किंवा १४००० मेगाबाइट या आकड्याशी जवळपास संबंध नसतो. ते आकडे मोठ्या सलग फाइलीचे, अनेक मागण्या रांगेत लावून काढलेले असतात. छोट्या ४केबी तुकड्यांचं एकेरी रँडम वाचन चांगल्या एनव्हीएमईवरसुद्धा सेकंदाला ६० ते ९० मेगाबाइटच्या आसपास असतं, आणि जेन ३ वरून जेन ५ वर (या पीसीआयईच्या पिढ्या, आकडा मोठा तितका वेग जास्त) गेल्यावर हा आकडा चौपट वगैरे होत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो तो खूप मोठा असतो, साटावरून एनव्हीएमईवर जाताना त्याहून बराच कमी, आणि जेन ४ वरून जेन ५ वर जाताना बहुतेकांना रोजच्या कामात कळतही नाही.

> तपासा: पुढे जायच्या आधी एका वाक्यात लिहून काढा, "मला ड्राइव्ह अमुक कामासाठी पाहिजे, त्यात मोठ्या फाइली सलग वाचल्या किंवा लिहिल्या जातात" किंवा "छोट्या फाइली भरपूर असतात". हे वाक्य चौथ्या पायरीला लागणार आहे.

२. मशीनची पूर्ण माहिती काढा

मदरबोर्डचं नेमकं मॉडेल पाहिजे, रिव्हिजनसकट. "बी५५० बोर्ड आहे" एवढ्याने भागत नाही, एकाच चिपसेटचे (बोर्डवरची पोर्ट आणि स्लॉट सांभाळणारी चिप) दहा बोर्ड असतात आणि प्रत्येकाची स्लॉटची मांडणी वेगळी असते. सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की बेसबोर्डच्या ओळीत मॉडेल दिसतं, सीपीयू-झेडमध्येही दिसतं. मग कंपनीच्या साइटवरून त्याच बोर्डचं मॅन्युअल उतरवून घ्या. ते हाताशी नसताना ड्राइव्ह घेणं म्हणजे दाराचं माप न घेता कपाट घेणं.

मॅन्युअलमध्ये स्टोरेजचं पान काढा आणि प्रत्येक एम.२ स्लॉटसाठी (छोटी पट्टीसारखी एसएसडी बसते ती जागा) या गोष्टी लिहून घ्या: नाव, तो सीपीयूला जोडलाय की चिपसेटला, पीसीआयईची कुठली जनरेशन (जेन) आणि किती लेन (डेटाच्या समांतर वाटा), साटा चालते का, एनव्हीएमई चालते का, लांबी किती बसते. लांबी म्हणजे २२८० वगैरे, यात पहिले दोन आकडे रुंदी २२ मिमी आणि पुढचे लांबी ८० मिमी. डेस्कटॉपवर २२८० जवळपास सगळीकडे बसते, २२११० मात्र प्रत्येक बोर्डवर बसत नाही.

एम.२ हा फक्त आकार आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. एम.२ मध्ये साटा ड्राइव्हही असतात आणि एनव्हीएमईही, दिसायला जवळपास सारखे, आणि साटा ड्राइव्ह फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये लावला तर तो बसेल छान पण दिसणार नाही. उलटही तेच.

मग सीपीयू बघा, कारण बोर्डवर लिहिलंय म्हणून मिळेलच असं नाही. काही नेहमीची फसगत सांगतो:

एएमडीच्या रायझन ५००० मध्ये साधे सीपीयू जेन ४ देतात, पण त्याच मालिकेतले जी वाले, म्हणजे ५६००जी, ५७००जी, हे जेन ३ च देतात, बोर्ड बी५५० असला तरी. रायझन ५५०० चंही तसंच.

इंटेलच्या दहाव्या पिढीच्या सीपीयूला एसएसडीसाठी वेगळ्या लेनच नाहीत. म्हणून झेड४९० च्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयूला जोडलेला एम.२ स्लॉट दहाव्या पिढीबरोबर मेलेलाच असतो, अकराव्या पिढीचा सीपीयू लावला तरच जागा होतो. लोक ड्राइव्ह खराब आहे म्हणून परत पाठवतात, आणि तो एकदम ठणठणीत असतो.

बाराव्या ते चौदाव्या पिढीत सीपीयूकडे ग्राफिक्ससाठी जेन ५ च्या १६ लेन आणि एसएसडीसाठी जेन ४ च्या ४ लेन आहेत. त्या पिढीच्या बोर्डवर "जेन ५ एम.२" असं छापलेलं असेल तर त्या लेन ग्राफिक्स कार्डच्या वाट्यातून जातात, आणि कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर येतं. काही कामांना फरक पडत नाही, पण हे माहीत असून करणं वेगळं आणि नंतर कळणं वेगळं.

३. स्लॉट ठरवा

आता मॅन्युअलचं तेच पान परत बघा, पण या वेळी बारीक अक्षरातल्या टिपा वाचा. तक्त्याच्या खाली, सगळ्यात छोट्या टायपात, अशा अर्थाची ओळ असते: दुसऱ्या एम.२ मध्ये ड्राइव्ह लावल्यास साटा ५ आणि ६ बंद होतील. किंवा, तिसरा एम.२ वापरल्यास खालचा पीसीआयई स्लॉट बंद होईल. कधी अट अशीही असते की साटा टाइपचा ड्राइव्ह लावला तरच एक पोर्ट बंद होतो, एनव्हीएमई लावला तर नाही. एवढ्या एका ओळीमुळे बॅकअपची हार्ड डिस्क गायब होते आणि माणूस केबल बदलत बसतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम झालं.

सीपीयूचा स्लॉट आणि चिपसेटचा स्लॉट यात फरक काय, तर चिपसेटमागे जे काही आहे, म्हणजे साटा पोर्ट, यूएसबी, नेटवर्क आणि तिथले एम.२, ते सगळं एकाच रस्त्याने सीपीयूपर्यंत जातं. स्कायलेकपासून झेड४९० पर्यंत इंटेलचा हा रस्ता साधारण ३.९ गिगाबाइट प्रति सेकंद होता, म्हणजे एकच चांगली जेन ३ एसएसडी तो जवळपास भरून टाकते. तिथे दोन ड्राइव्हचा रेड ० करून, म्हणजे डेटा दोन्हींवर वाटून, स्पीड दुप्पट होईल असं कुणी म्हणत असेल तर ते शक्य नाही. बी५५० ला हा रस्ता जेन ३ च्या ४ लेनचा आहे, एक्स५७० ला जेन ४ च्या ४ लेनचा, झेड६९० ला जेन ४ च्या ८ लेनचा, म्हणजे बऱ्यापैकी मोकळा. बी४५० च्या चिपसेटमधून निघणाऱ्या लेन तर जेन २ च्याच आहेत, तिथे महागडा ड्राइव्ह लावून पैसे वाया.

माझं मत सरळ आहे: सगळ्यात जास्त मारा ज्या ड्राइव्हवर होणार तो सीपीयूच्या स्लॉटला. बऱ्याच जणांसाठी तो ओएसचा ड्राइव्ह नसतोच, तो स्क्रॅच (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींचा) किंवा प्रोजेक्टचा ड्राइव्ह असतो, पण सवयीने सगळे ओएसलाच तिथे बसवतात.

एम.२ स्लॉटच नसेल किंवा भरलेले असतील तर पीसीआयई अडॅप्टर कार्ड चालतं. स्लॉट लांब दिसतो म्हणून त्यात १६ लेन आहेत असं समजू नका, आत ४ किंवा कधी एकच लेन जोडलेली असते, आणि जेन ३ ची एक लेन म्हणजे सेकंदाला हजार मेगाबाइटच्या आतच. चार ड्राइव्ह बसणारं कार्ड घेताय तर बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डची सेटिंग) बायफर्केशनचा, म्हणजे १६ लेन चार-चारात वाटायचा पर्याय आहे का ते आधी बघा, तो नसेल तर चारपैकी एकच ड्राइव्ह दिसेल. आणि फारच जुन्या बोर्डवर एनव्हीएमईवरून बूट होत नाही, डेटा ड्राइव्ह म्हणून मात्र चालून जाते.

> थांबा: स्लॉट जेन ३ चा असेल तर जेन ४ चा ड्राइव्ह त्यात बिनधास्त चालतो, फक्त ३५०० च्या आसपास थांबतो. पुढे मशीन बदलणार असाल तर जेन ४ घ्या, पण जेन ५ साठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

४. आता ड्राइव्ह निवडा

इथपर्यंत आलात तर अर्ध्याहून जास्त मॉडेल आपोआप बाद झालेली असतील.

*नँड कुठली?* नँड म्हणजे डेटा साठवणारी चिप. ती टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) की क्यूएलसी (चार बिट), हा वर्कस्टेशनसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच बॉक्सवर ठळक लिहिलेला नसतो. दोन्ही प्रकारात ड्राइव्ह आपला काही भाग तात्पुरता एसएलसीसारखा (एका सेलमध्ये एकच बिट) वापरतो, आधी तिथे वेगाने लिहितो, मग निवांत असताना मूळ जागी हलवतो. जाहिरातीतला रायटिंग स्पीड हा त्या तात्पुरत्या भागाचा, म्हणजे कॅशचा असतो. कॅश भरली की खरा चेहरा दिसतो: चांगली टीएलसी तरीही सेकंदाला हजार मेगाबाइटच्या आसपास किंवा वर टिकते, स्वस्तातली क्यूएलसी मात्र १००-२०० वर येते, म्हणजे हार्ड डिस्कच्या पातळीला. ३०० जीबीचं फुटेज एकदम टाकणाऱ्याला हे रोज भोगावं लागतं. आणि ड्राइव्ह जसजसा भरत जातो तसतशी ही कॅश लहान होते, त्यामुळे रिकाम्या ड्राइव्हवर जे दिसलं ते ८५ टक्के भरल्यावर दिसत नाही.

म्हणून रिव्ह्यू वाचताना बाकी सगळं सोडा आणि सलग लिहिण्याचा आलेख शोधा, ज्यात ड्राइव्ह पूर्ण भरेपर्यंत लिहीत राहतात. रेषा कुठे कोसळते आणि कोसळून कुठे थांबते, हे दोन आकडे तुमच्या कामाचे. फक्त वाचायचं काम असेल, म्हणजे सँपल लायब्ररी, टेक्स्चर, असेट, तर क्यूएलसी घ्यायला काही हरकत नाही, उलट त्या पैशात मोठी साइझ मिळते.

*डीरॅम आहे का?* कुठला डेटा कुठे ठेवलाय याची यादी ठेवायला ड्राइव्हवर वेगळी रॅम असते, साधारण १ टीबीला १ जीबी. ती नसलेले ड्राइव्ह एचएमबीने कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा तुकडा, बऱ्याचदा ६४ एमबी किंवा त्याच्या आसपास, उसना घेतात. नवीन चांगले डीरॅमलेस ड्राइव्ह साध्या वापरात छान चालतात, उगाच घाबरू नका. पण मोठे डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, किंवा पूर्ण ड्राइव्हभर इकडेतिकडे उड्या मारणारं काम असेल तर डीरॅमवालाच घ्या.

*टीबीडब्ल्यू किती?* वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिणं धरलंय तो हा आकडा. सॅमसंग ९९० प्रो आणि डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स यांच्या १ टीबीला ६०० आहे, २ टीबीला १२००. क्रुशियल पी३ प्लस ही क्यूएलसी, तिच्या १ टीबीला २२०. सीगेट फायरकुडा ५३० च्या १ टीबीला १२७५. आता ६०० ला पाच वर्षांनी भागा, रोजचे साधारण ३३० जीबी होतात, २२० चे रोज १२०. तुम्ही रोज किती लिहिता ते क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या ड्राइव्हच्या टोटल होस्ट राइट्सवरून कळतं: आज आकडा लिहून ठेवा, आठवड्याने परत बघा, सातने भागा. बहुतेकांचा आकडा अपेक्षेपेक्षा खूप कमी निघतो आणि ती काळजी तिथेच मिटते. स्क्रॅच डिस्कवाल्यांचा मात्र मोठा निघू शकतो.

*साइझ किती?* लागते त्याच्या वरची. १ टीबी विंडोजमध्ये ९३१ दिसते, त्यात १५-२० टक्के मोकळी ठेवायची, म्हणजे हातात उरते साधारण ७५०-७९०. २ टीबीमध्ये कॅशही मोठी मिळते आणि टीबीडब्ल्यूही दुप्पट. बजेट ठरलेलं असेल तर जेन ५ च्या १ टीबीपेक्षा जेन ४ ची चांगली २ टीबी घ्या, यावर मी ठाम आहे.

*वीज गेली तर?* यूपीएस नाही आणि डेटाबेस किंवा सर्व्हरसारखं काम चालतं, तर पॉवर लॉस प्रोटेक्शनवाले एंटरप्राइझ ड्राइव्ह बघा, त्यावर कपॅसिटर असतात आणि हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती वीज त्यात साठलेली असते. हे बरेचदा २२११० लांबीत किंवा यू.२ (सर्व्हरच्या ड्राइव्हची जोडणी) मध्ये येतात, यू.२ ला अडॅप्टर लागतो आणि पंख्याचा थेट वारा लागतो. घरच्या ड्राइव्हना ही सोय सहसा नसते.

> इशारा: काही कंपन्यांनी मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली नँड किंवा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) बदललेला आहे, टीएलसीच्या जागी क्यूएलसीसुद्धा घातलेली आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू आजच्या बॉक्सला लागू पडेलच असं नाही, ताजा रिव्ह्यू शोधा आणि पार्ट नंबर जुळवा.

५. गरमीचा विचार आधीच करा

ड्राइव्ह ८० डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. जेन ३ ला बोर्डचा साधा हीटसिंक पुरतो, जेन ४ ला हीटसिंक पाहिजेच, आणि जेन ५ सलग लिहिताना १० वॅटच्या घरात जातो, तिथे जाड हीटसिंक आणि वरून वारा दोन्ही पाहिजे. ग्राफिक्स कार्डच्या बरोबर खाली असलेला स्लॉट सगळ्यात तापतो.

बोर्डला हीटसिंक असेल तर बिनहीटसिंकचा ड्राइव्ह घ्या. दोन्ही एकदम बसत नाहीत, आणि ड्राइव्हला चिकटवलेला हीटसिंक ओढून काढताना चिप उखडायची भीती असते. मोठा हीटसिंक घेणार असाल तर कार्ड आणि सीपीयू कूलर आड येत नाही ना, ते मोजा.

६. हात लावायच्या आधीची तयारी

हे सगळं ड्राइव्ह यायच्या आधी करून ठेवायचं.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. एसएसडीवरून चुकून पुसलेलं परत मिळत नाही, ट्रिम चालू असल्यामुळे पुसलेली जागा ड्राइव्ह लगेच मोकळी करतो, रिकव्हरी सॉफ्टवेअरला काही सापडत नाही.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा. विंडोज ११ मध्ये ते तुम्ही न सांगता चालू असू शकतं. रिकव्हरी की मोबाइलवर किंवा कागदावर उतरवा, त्याच मशीनवर ठेवून उपयोग नाही. मग बायॉसला हात लावायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करा.

सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायॉस मोड वाचा. यूईएफआय (बूट करायची नवी पद्धत) असेल तर छान. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर डिस्क एमबीआर, म्हणजे पार्टिशनच्या जुन्या मांडणीची आहे, आणि एनव्हीएमईवरून बूट व्हायला व्यवहारात यूईएफआय आणि जीपीटी ही नवी मांडणी लागते. विंडोज १० पासून एमबीआरचं जीपीटी करायचं टूल विंडोजमध्येच आहे. ते बॅकअपनंतर चालवा, मग बायॉसमध्ये यूईएफआय करा, एकदा बूट करून बघा आणि मगच पुढचं.

बोर्डचं बायॉस फार जुनं असेल तर अपडेट करा. आणि इंटेल बोर्डवर व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह सांभाळायची सोय) चालू आहे का ते नोंदवून ठेवा, ते चालू असताना विंडोज इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसतच नाही, पेनड्राइव्हवर त्याचा ड्रायव्हर लागतो. चालू असलेल्या विंडोजवर ते अचानक बंद केलं तर विंडोज बूट होणार नाही, म्हणून "बघू काय होतं" करत तिथे हात लावू नका.

७. बसवणं

शिफ्ट दाबून धरून विंडोज शटडाउन करा म्हणजे फास्ट स्टार्टअपशिवाय पूर्ण बंद होतं. पॉवर सप्लायचा स्विच बंद, केबल काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, आणि केसच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा.

हीटसिंकचा स्क्रू काढा. स्टँडऑफ, म्हणजे ज्या पितळी खुंटीवर ड्राइव्हचं टोक टेकतं, ती ८० मिमीच्या भोकात आहे ना बघा. नसेल तर सरकवा. चुकीच्या जागी राहिली तर ड्राइव्हच्या पोटाखाली येते आणि स्क्रू आवळला की ड्राइव्ह वाकतो.

ड्राइव्ह तिरका, साधारण ३० डिग्रीत आत सरकवा. पूर्ण गेल्यावर सोनेरी पट्ट्यांची जेमतेम एक रेघ दिसते, जास्त दिसत असेल तर अजून आत गेलेला नाही. मग तो सोडला तर टोक आपोआप वर राहतं, ते बोटाने हलकेच खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू एम२ मापाचा, अगदी छोटा, जोर लावायचा नाही.

थर्मल पॅडवरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढा! ती पारदर्शक किंवा निळसर असते, लक्षात येत नाही, आणि ती तशीच राहिली की हीटसिंक असून नसल्यासारखा. ड्राइव्हवरचं लेबल मात्र काढायचं नाही, ते काढलं की वॉरंटीचा प्रश्न येतो.

> तपासा: केस बंद करायच्या आधी बायॉसमध्ये जा. एनव्हीएमई ड्राइव्ह साटाच्या यादीत दिसत नाही, त्याची यादी वेगळी असते. जुने सगळे साटा ड्राइव्ह अजून दिसताहेत ना, तेही बघा.

८. क्लोन की नवीन इन्स्टॉल

ओएस जुनी झालीये, कचरा साठलाय, तर नवीन इन्स्टॉल करा. लायसन्सवाली बरीच सॉफ्टवेअर आणि प्लगइन आहेत, तर क्लोन. दोन्हीकडे एकच चूक वेगवेगळ्या रूपात होते.

नवीन इन्स्टॉल करताना बाकीचे सगळे ड्राइव्ह काढून ठेवा. जुना जोडलेला असला तर इन्स्टॉलर बूटचा छोटा पार्टिशन जुन्यावर टाकू शकतो, विंडोज नव्यावर. सगळं मस्त चालतं. मग सहा महिन्यांनी जुना ड्राइव्ह काढला की मशीन बूटच होत नाही.

क्लोन करताना सोर्स कुठला आणि डेस्टिनेशन कुठला, हे नाव आणि साइझ दोन्ही वाचून ठरवा, डिस्क ० आणि डिस्क १ या नंबरांवर विश्वास ठेवू नका. फक्त सी नाही, सगळे पार्टिशन घ्या. क्लोन झाला की मशीन बंद करा, जुना ड्राइव्ह काढा, आणि पहिला बूट एकट्या नव्यावरून करा. दोन्ही जोडून बूट केलं तर दोघांची ओळख सारखीच असल्यामुळे विंडोज एकाला ऑफलाइन करतं, किंवा जुन्यावरूनच बूट होतं आणि तुम्हाला वाटतं नव्यावर चाललंय. लिनक्सवरही यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) सारखाच असल्याने हाच गोंधळ.

मोठ्या ड्राइव्हवर क्लोन केल्यावर सी वाढवता येत नाही कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेला असतो. बहुतेक क्लोनिंग सॉफ्टवेअरमध्ये पार्टिशनची मांडणी आधीच बदलता येते, तेव्हाच ते शेवटी सरकवा.

९. नीट चाललंय का ते तपासा

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, ट्रान्सफर मोडच्या ओळीत दोन गोष्टी असतात, आत्ता चालू असलेला आणि ड्राइव्हला जमणारा. दोन्हीकडे पीसीआयई ४.० x४ असेल तर उत्तम. डावीकडे ३.० किंवा x२ दिसत असेल तर स्लॉट चुकलाय किंवा ड्राइव्ह नीट बसलेला नाही, परत तिसऱ्या पायरीवर जा. तिथेच पॉवर ऑन तास आणि टोटल राइट्स बघा, नव्या ड्राइव्हला ते जवळपास शून्य असले पाहिजेत, नसतील तर वापरलेला माल आलाय, लगेच परत करा.

फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर तपासा, तेही डेटा भरायच्या आधी. सॅमसंग ९८० प्रोच्या २ टीबीमध्ये एका जुन्या फर्मवेअरमुळे काही ड्राइव्ह फक्त वाचता येतील अशा अवस्थेत अडकत होते, नव्या फर्मवेअरने ते थांबलं, पण आधीच अडकलेले ड्राइव्ह त्याने बरे झाले नाहीत.

क्रिस्टलडिस्कमार्कचा १ जीबीचा टेस्ट कॅशच्या आतच संपतो, त्यातून फक्त लिंक बरोबर आहे एवढं कळतं. खरी परीक्षा म्हणजे दोनशे-तीनशे जीबीच्या तुमच्याच फाइली त्यावर टाका, शेजारी एचडब्ल्यूइन्फोत तापमान लावून ठेवा, आणि स्पीड कुठे पडतो ते बघा. तापमान ८० च्या जवळ असताना पडला तर गरमी, ६० ला असतानाच पडला तर कॅश संपली. फक्त कॉपी कुठून करताय ते लक्षात घ्या, सोर्स साटा असेल तर ५५० च्या वर जाणारच नाही, १० गिगाबिट नेटवर्कवरून येत असेल तर १२५० च्या आतच.

ट्रिमसाठी विंडोजच्या डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझमध्ये नव्या ड्राइव्हसमोर सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलंय ना बघा आणि वेळापत्रक चालू ठेवा, लिनक्सवर एफएसट्रिमचा टायमर चालू असला पाहिजे.

मग पहिल्या पायरीतलं तेच काम परत करा, तोच प्रोजेक्ट, तोच टास्क मॅनेजर, आणि वेळ मोजा.

१०. जुना ड्राइव्ह

महिनाभर तसाच बाजूला ठेवा, न पुसता. काहीतरी राहिलेलं असतंच, एखादा फाँटचा फोल्डर, एखादं प्लगइनचं लायसन्स. नंतर तो एसएसडी असेल आणि दुसऱ्याला देणार असाल तर नुसता फॉरमॅट करू नका, कंपनीच्या टूलने किंवा बायॉसमधल्या सिक्युअर इरेजने पुसा. आणि तो कपाटात ठेवून "बॅकअप आहे" असं समजू नका, एसएसडीला वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर आतला डेटा टिकेलच याची खात्री नसते, त्या कामाला हार्ड डिस्कच वापरा.